नानांची पाटी आणि अकरा फोन

ती. नानांना,

थोरल्या जावयाचा नमस्कार. हाताला रंग लागलेला आहे, म्हणून लांबूनच. तुमचा उजवा गुडघा, आईंची सर्दी आणि दुकानातलं ते भलत्या वेळी ठोके देणारं भिंतीवरचं घड्याळ, तिघांनाही एव्हाना आराम पडला असेल. इकडे आम्ही ठीक आहोत. माझी मान तेवढी आखडली आहे. तिचं कारण पुढे येईलच, किंबहुना पत्राचा बराचसा भाग तिच्याबद्दलच आहे. जावई फोनवर बोलायचं सोडून पत्र कशाला लिहितोय असं तुम्हाला वाटेल. पण फोन आई उचलतात, आई धाकटीला सांगतात, धाकटी आपल्या नवऱ्याला सांगते, आणि तो नवरा म्हणजेच या पत्राचा विषय आहे. तुमचे धाकटे जावई, माझे साडू. मी त्यांना मनातल्या मनात लॅपटॉपराव म्हणतो. (हे नाव त्यांना माहीत नाही. तुमच्याकडूनही कळू नये.)

आधीच सांगतो, हे पत्र तक्रारीचं नाही. मला कसलीही तक्रार नाही. गेल्या महिन्यात तुमच्याकडे जेवताना तुम्ही सांगितलंत की दुकान आता रस्त्यावरून उठून शेजारच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर जाणार, तिथे बाहेर पाटी लावायला भिंत नाही, तेव्हा जुनी पाटी उतरवायची आणि नवी पाटी इंटरनेटवर लावायची. इथवर मी ठीक होतो. मग तुम्ही म्हणालात की ती धाकटे जावई करतील. त्यावर लॅपटॉपराव नम्रपणे हसले. (त्यांचं ते नम्र हसणं मला सहा वर्षं सहन होत नाहीये.) मी फक्त एवढंच म्हणालो की आधीची पाटी मी केली होती. तर तुम्ही, वरणभात कालवावा इतक्या सहज, म्हणालात, "तुमच्या पाटीचं शेवटचं अक्षर दोन महिन्यांत उडालं होतं." सगळे हसले. आई हसल्या, तुमची थोरलीसुद्धा हसली, जिनं माझ्या बाजूनं असायला हवं. मी रागाच्या भरात दोनदा भात वाढून घेतला आणि घरी आल्यावर पोट धरून बसलो.

नाना, चोवीस वर्षं झाली. 'येथे सर्व प्रकारची घड्याळे दुरुस्त करून मिळतील' ही आठ फुटी पाटी मी पत्र्यावर, सरळ रेषेसाठी खडूची दोरी मारून, नुसत्या हातानं रंगवली. त्यातली बाकीची एकूण एक अक्षरं अजून जशीच्या तशी आहेत. पण एक 'ल' उडाला, तर आजतागायत घरात कोणाचंही कसलंही काम बिघडलं की तुम्ही त्या 'ल'चा दाखला देता. आईंचा कुकर शिट्टी देईना, तरी 'ल'. मी कधी उलट बोललो नाही. त्याला कारण आहे, पण ते आत्ता नको.

आता खरं सांगायचं तर मला लॅपटॉपरावांचा हेवा वाटतो. आडून आडून कशाला बोलू? माझा जळफळाट होतो. हा माणूस जेवल्यावर स्वतःचं ताट घासतो. टॉवेलाची घडी करतो, आणि ती घडी चौकोनी येते. त्याला घाम येत नाही. तुमच्या खिडकीजवळची हात टेकायची खुर्ची अठरा वर्षं माझी होती. लग्नानंतर पहिल्यांदा ते घरी आले आणि तुम्ही म्हणालात, "दिवसभर बसून काम असतं त्यांचं, पाठ दुखत असेल." म्हणून ती खुर्ची त्यांना दिलीत. मी दिवसभर शिडीवर उभा असतो नाना. उभ्या माणसाला पाठ नसते का? तेव्हापासून मी स्टुलावर बसतो आणि कोणी विचारलं तर सांगतो की मला स्टूलच बरं वाटतं.

तर त्या भातानंतर मी ठरवलं की इंटरनेटवरची पाटी मीच करणार. शेवटी पाटी ती पाटी. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, शिलाई मशीनच्या दुकानावर, एक बाई वेबपेज करायला शिकवतात. त्यांच्याकडे नाव घातलं. वर्गात माझ्याएवढ्या वयाचा मी एकटाच. बाईंना पहिल्या दिवशी वाटलं मी पंखा दुरुस्त करायला आलोय. पण मी मागे हटलो नाही, आणि नाना, हे काम मला पहिल्याच आठवड्यात समजलं. एचटीएमएल म्हणजे पाटीवर काय काय असणार ते सांगायचं: एक चौकट, तिच्यात एक चित्र, खाली नाव, त्याखाली दोन ओळी मजकूर आणि तळाशी दाबायचं बटण. एवढ्याला मिळून कार्ड म्हणतात. मनगटी घड्याळांचं एक कार्ड, भिंतीवरच्यांचं एक, गजराच्यांचं एक, अशी तीन ओळीनं लावायची. आणि सीएसएस म्हणजे रंग, मापं, कोपरे, मधली जागा. मी म्हटलं, बाई, हे तर मी मिसरूड फुटल्यापासून करतोय.

सगळ्यात आनंद मला कशाचा झाला सांगू? सीएसएसमध्ये सेंटिमीटर चालतात! बाई आकडे वेगळ्याच कसल्या ठिपक्यांत सांगत होत्या, पण सेंटिमीटर लिहिले तरी ते पान घेतं, रागावत नाही. बाई म्हणाल्या की कार्ड असं करायचं की मोठ्या पडद्यावर तीन शेजारी शेजारी दिसतील आणि फोनवर एकाखाली एक येतील, पाटीनं जागा बघून वागलं पाहिजे. मी मनात म्हटलं, पाटी जागा बघत नसते, पेंटर बघतो. गिऱ्हाइकाकडे आधी टेप घेऊन जायचं, भिंत मोजायची, मग पत्रा कापायचा. तुमचं गिऱ्हाईक फोनवरून येणार, तर फोन मोजले पाहिजेत. मी टेप खिशात घातला आणि निघालो.

नातेवाइकांचे अकरा फोन मोजले नाना. माणसं किती संशयी असतात ते मला या वयात कळलं. वकीलकाकांनी फोन देण्याआधी 'कोणत्या हेतूने' हे कागदावर लिहून मागितलं. शेजारच्या शिंप्यानं माझा टेप चुकीचा आहे म्हणून स्वतःचा आणला. (तो नातेवाईक नाही, पण आग्रह फार केला.) मावशींचा फोन सगळ्यात मोठा, पाटाएवढा. त्यांना वाटलं मी फोनला कव्हर शिवून देणार आहे, त्यांनी फुलाफुलांचं कापडही काढून ठेवलं. वर त्यांनी अट घातली की नजर अधू झालीय, तेव्हा नानांचं नाव मोठ्या अक्षरात हवं. मी कबूल झालो. लॅपटॉपरावांचा फोन तेवढा मोजला नाही. तत्त्व म्हणून.

मग प्रत्येक फोनसाठी मी वेगळा नियम लिहिला. पडदा एवढ्यापर्यंत असेल तर कार्ड एवढं, अक्षर एवढं. कोणता फोन पडद्याचा कोणता आकडा सांगतो ते बाईंनी कागदावर लिहून दिलं, पण देताना मला विचारलं की बारावा माणूस आला तर काय करणार. मी म्हटलं, मोजणार. बाईंनी कपाळाला हात लावला. त्या फार लवकर थकतात.

याच सुमारास बाईंनी आणखी एक गोष्ट शिकवली, आणि ती मला मनापासून आवडली. फाईलमध्ये स्वतःसाठी टिपा लिहिता येतात. खुणेच्या आत लिहिलं की ते पानावर दिसत नाही, फक्त फाईल उघडणाऱ्यालाच दिसतं. म्हणजे थेट आमच्या धंद्यातली पाटीची मागची बाजू! तुम्हाला हे माहीत नसेल, पण जुना पेंटर पाटी भिंतीवर चढवण्याआधी मागच्या कोऱ्या पत्र्यावर दोन शब्द लिहितोच. तारीख, रंग कोणता, मालक कसा आहे, पाणी कोणी विचारलं, कोणी नाही विचारलं. एकदा पाटी ठोकली की ते कोणी वाचत नाही, आणि पेंटरचं मन मोकळं होतं. मीही फाईलमध्ये मन मोकळं केलं. प्रत्येक नियमाच्या वर एक टीप. 'हे लॅपटॉपरावांच्या नाकावर टिच्चून.' 'हा रंग लॅपटॉपरावांच्या बापालाही सुचला नसता.' 'टॉवेलाची घडी करण्याइतकं हे सोपं नाही.' खुर्चीबद्दलही होतं, ते इथे लिहीत नाही. अकरा नियम आणि अकरा टिपा. लिहिताना मान आखडली ती तेव्हापासून तशीच आहे.

पान तयार झालं आणि मी ते घरच्या ग्रुपवर टाकलं. (तुम्ही ग्रुप बघत नाही ते देवाचे उपकार.) बाईंच्या वर्गातल्या मोठ्या पडद्यावर ते राजासारखं दिसत होतं. फोनवर ते टपालाच्या तिकिटाएवढं आलं. अकराही फोनवर, कसलाही भेदभाव न करता. तीन कार्डं वरच्या कोपऱ्यात एकमेकांना बिलगून, खाली नुसता पांढरा पडदा. माझे अकरा नियम जणू मी लिहिलेच नव्हते. मावशींनी विचारलं, छान आहे, पण कुठे आहे? वकीलकाकांनी पडद्याचा फोटो पाठवून लाल गोल केला आणि खाली लिहिलं, 'हेच का ते?' आईंना ते पडद्यावर पडलेलं काहीतरी वाटलं, म्हणून त्यांनी पडदा पुसून पाहिला. आणि लॅपटॉपरावांनी? त्यांनी कोणाच्याही आधी नुसता अंगठा पाठवला. चेष्टा केली असती तर मी सहन केलं असतं. अंगठा मला झोंबला.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना धारेवर धरलं. त्या दिवशी त्यांनी तो धडा दिला जो मी जन्मात विसरणार नाही. त्या म्हणाल्या, एकाच गोष्टीबद्दल सारख्याच वजनाचे दोन नियम असले, तर शेवटी लिहिलेला जिंकतो. पहिला कितीही जुना असो, कितीही कष्टानं लिहिलेला असो. मी विचारलं, मग पहिल्याचं काय? बाई म्हणाल्या, "तो असतो तिथेच. त्याचं चालत नाही एवढंच." नाना, मला एकदम तुमची खिडकीजवळची खुर्ची दिसली. मी वही मिटली आणि खाली येऊन शिलाई मशीनच्या दुकानासमोर बराच वेळ उभा राहिलो. दुकानदारानं मला दोनदा आत बोलावलं.

तरीही खोड जात नाही. लॅपटॉपरावांचं ड्रिल मशीन माझ्याकडे दोन वर्षं पडून होतं, ते परत करायच्या निमित्तानं त्यांच्या घरी गेलो. (ड्रिल परत दिल्याचं आता वाईट वाटतंय.) धाकटीनं मला आत बसवलं. लॅपटॉप उघडाच होता आणि त्यावर तुमची नवी पाटी. लॅपटॉपराव म्हणाले, "बघा ना दादा, अजून कच्चं आहे." त्यांनी पानाची कड धरून आत ओढली. तीन कार्डं होती त्यांची दोन झाली, तिसरं मुकाट्यानं खाली गेलं. आणखी ओढली, सगळी एकाखाली एक. कुठे काही तुटलं नाही, बटण बाहेर आलं नाही, चित्र दबलं नाही. एकही फोन न मोजता! मग मी ओढून बघितलं. आत, बाहेर, आत, बाहेर. किती वेळ गेला मला कळलं नाही, धाकटीनं आणलेलं सरबत कोमट झालं. नाना, खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तीसेक वर्षं मी पत्रा कापतोय, आणि एकदा कापलेला पत्रा सूतभर कमी पडला तर पडलाच. आपणहून अंग चोरून घेणारी पाटी मी पहिल्यांदा पाहिली. ती माझी नव्हती. मी उठलो, म्हणालो, "रंग फिका आहे," आणि निघून आलो. सरबत प्यायलो नाही.

तर आता तुम्ही येत्या रविवारी सगळ्यांसमोर ठरवणार आहात की दुकानाची पाटी कोणाची. मी काहीही बोलणार नाही. तुम्ही वडीलधारे, तुमचा शब्द शेवटचा. (पुन्हा शेवटचा.) फक्त एवढंच लक्षात असू द्या की चोवीस वर्षं तुमचं गिऱ्हाईक जी पाटी वाचून दुकानाची पायरी चढलं, ती मी केली होती, आणि ती उतरल्यावर तुमच्या दुकानावर माझ्या हातचं काहीही राहणार नाही. आईंना नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा.

तुमचा थोरला, म्हणजे आधी आलेला, जावई

ता. क. हे पत्र लॅपटॉपरावांना दाखवू नका. दाखवायचंच झालं तर सरबताचा भाग झाकून दाखवा.

ता. क. २. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून लिहितोय, कारण घात झाला आहे. तुमच्या थोरलीनं आत्ता कबूल केलं की तिनं गेल्या आठवड्यात माझी फाईल गुपचूप लॅपटॉपरावांना पाठवली होती. 'तुमची मान बघवेना म्हणून,' असं तिचं म्हणणं. फाईल पाठवली म्हणजे टिपांसकट पाठवली. नाक, बाप, टॉवेल, खुर्ची, सगळं. मग कळलं की त्यांनी ती दुरुस्त करून परतही पाठवली आहे. उघडून पाहिली. अगदी वर त्यांनी एकच ओळ घातली आहे. फोननं स्वतःची खरी रुंदी सांगावी, उगाच मोठ्या पडद्याचं सोंग आणू नये, एवढाच तिचा अर्थ. ती ओळ आली आणि माझे झोपलेले अकराही नियम खडबडून जागे झाले. त्याखाली त्यांनी आपलं ते आपणहून अंग चोरणारं सगळं लिहिलं आहे. आणि सगळ्यात शेवटी, एक अक्षरही न बदलता, माझं. टिपांनाही हात लावलेला नाही. फक्त माझ्या पहिल्या टिपेच्या वर एक नवी टीप आहे:

'यापुढचं सगळं दादांचं आहे. हलवू नये. — लॅपटॉपराव'

शेवटी कोणाचं चालतं ते त्यांना माझ्याआधी माहीत आहे नाना. तो त्यांचा रोजचा धंदा आहे. आता त्याचा परिणाम असा झालाय की मावशींचा फोन सगळ्यात मोठा आणि त्यांचा नियम मी सगळ्यात शेवटी लिहिलेला, म्हणून सगळ्यांच्या फोनवर मावशींची मापं लागली आहेत. तुमचं नाव पडदाभर, घड्याळ बोराएवढं आणि बटण अर्धं बाहेर. तेव्हा रविवारी तुम्ही आपणहून सांगा की धाकट्यांचं शेवटी घ्या. मी सांगितलं असं सांगू नका. नाव तेवढं मोठं राहू द्या, तुम्हाला चष्म्याशिवाय वाचता येईल. आणि खुर्चीचा विषय काढू नका. त्यांनी ते वाचलंय, तर या खेपेला ते स्टुलावर बसतील, आणि ते मला बघवणार नाही.

ता. क. ३. हे पत्र खरं मी यासाठीच लिहायला बसलो होतो, पण मध्ये विषय वाढला. जुनी पाटी उतरवायला परक्या माणसाला बोलावू नका. मी आणि लॅपटॉपराव येऊ. (ड्रिल त्यांच्याकडेच आहे.) आणि आम्ही येईपर्यंत ती उलटी करू नका. उत्साहाच्या भरात तुम्ही ती आधीच उतरवली असेल, तर मागच्या बाजूला जे लिहिलंय त्याबद्दल आधीच माफी मागतो. तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो आणि तुम्ही माझे सासरे नव्हतात. तिथे असं लिहिलं आहे: 'मालक किरकिरा. मुलीनं तीनदा पाणी विचारलं. शेवटच्या अक्षराला मुद्दाम रंगाचा एकच हात दिला आहे, म्हणजे ते उडेल आणि परत यावं लागेल.'

हे तुमच्या थोरलीला वाचू देऊ नका. चोवीस वर्षं मी तिला सांगत आलोय की तेव्हा मी आलो तो तुमची तक्रार आली म्हणून.